बोटं टेकतात तो भाग

"याचं सेक्शन फार गार लागतं," मार्लिस म्हणाली आणि पेन टेबलावर ठेवून तिनं बोटं कॉफीच्या कपाभोवती धरली.

रोलंड पावाला लोणी लावत होता. सुरी पावाच्या कडेपर्यंत गेली आणि तिथंच थांबली. मार्लिसचं लक्ष नव्हतं. नातीच्या वाढदिवसाचं कार्ड तिच्यापुढं उघडं पडलं होतं, खिडकीबाहेर मार्च महिन्यातला मिलवॉकीचा करडा उजेड होता, आणि शेजारचा म्हातारा अंगणातला उरलासुरला बर्फ फावड्यानं उगाच इकडचा तिकडं करत होता. बोटांत ऊब आल्यावर तिनं तेच पेन पुन्हा उचललं, कार्ड लिहून पुरं केलं, पाकिटाची कड जिभेनं ओली करून चिकटवली आणि तिकीट शोधायला आतल्या खोलीत गेली. जाताना काहीतरी गुणगुणत होती. रोलंडनं पाव तोंडात घातला, चावला, गिळला, आणि आपण काय खाल्लं हे त्याला समजलं नाही.

सेक्शन. पेन धरताना बोटं जिथं टेकतात त्या भागाला या घरात नावच नव्हतं. लग्नाला चाळीस वर्षं होऊन गेली, त्यातली निम्मी तरी रोलंड संध्याकाळी आणि सुटीच्या दिवशी तळघरातल्या लेथपाशी उभा राहून पेनं घडवत आला, आणि एवढ्या काळात मार्लिसनं पेनाला पेन म्हटलं, टोपणाला टोपण म्हटलं, बाकी सगळ्याला 'ते'. नवं पेन घेऊन तो वर आला की ती हात पुसून ते घ्यायची, एकदा उलटं बघायची, एकदा सुलटं, आणि 'सुरेख झालंय' म्हणायची. शेजारणीचं तान्हं बाळ बघून म्हणतात तसं. कितीदा तरी त्यानं तिला खाली बोलावलं होतं. ये, तुला शिकवतो, एक तरी करून बघ. ती हसायची. मला नको तुझा भुसा, केसांत जातो, म्हणायची. पुढं पुढं त्यानं बोलावणं सोडलं. पण ते सोडताना त्याला एक प्रकारचं समाधानही वाटलं होतं. ही एक गोष्ट तिची नव्हती, तर ती कुणाचीच नव्हती, त्याची एकट्याची होती. आता तिच्या तोंडून तो शब्द आला होता, आणि किती सहज. मीठ दे, म्हणावं तसा. शब्द पहिल्यांदा वापरणारा माणूस तो जरा जपून वापरतो, नव्या बुटात चालावं तसा. मार्लिसनं तो जपून वापरला नव्हता. तिच्या तोंडात तो रुळलेला होता.

आणि मिलवॉकीच्या या सबंध दक्षिण भागात तो शब्द मुळात एकाच माणसाचा होता.

ड्वेन फॉस त्यांच्या पेनवाल्यांच्या क्लबात आला त्याला दोनेक वर्षं झाली असतील. जन्मभर त्यानं दंतवैद्यांसाठी कवळ्या केल्या होत्या, त्यामुळं प्लॅस्टिक त्याचं ऐकायचं. हात गोरेपान, मऊ, पाद्र्याचे असावेत तसे. बायको वारल्यावर बहिणीच्या जवळ म्हणून या गावात आला. क्लबातले बाकी सगळे किट विकत आणायचे. निब, क्लिप, धातूचे तुकडे सगळं तयार मिळतं; आपण फक्त लाकडाची नळी लेथवर उतरवायची, घासूनपुसून चकाकी आणायची आणि सगळं दाबून एकत्र बसवायचं. रोलंड याच कामात क्लबचा शहाणा होता. बिअरच्या कारखान्यात बाटल्या भरायच्या यंत्रांवर आयुष्य काढलेला माणूस. कुणाचं लाकूड फुटलं, कुणाची नळी सैल बसली, की 'रोलंडला विचारा'. ड्वेन किट वापरत नव्हता. निबेखेरीज सगळं तो स्वतः कापायचा, आटेसुद्धा. पण रोलंडला त्याच्या पेनांचा एवढा त्रास झाला नव्हता. चांगलं पेन करणारे जगात पुष्कळ असतात. ड्वेन येताना शब्द घेऊन आला होता, त्रास त्यांचा होता.

ज्याला सगळे ग्रिप म्हणायचे त्याला तो सेक्शन म्हणायचा. प्लॅस्टिकला रेझिन म्हणायचा. किट न वापरता केलेल्या पेनाला 'किटलेस', म्हणजे बिनकिटी. आणि तो कधी कुणाला सुधारायचा नाही, हे सर्वांत वाईट होतं. तुम्ही ग्रिप म्हणालात की तो लक्ष देऊन मान हलवायचा आणि पुढच्याच वाक्यात त्याच वस्तूला इतक्या सहजी सेक्शन म्हणायचा, की आपणच इतका वेळ बोबडं बोलत होतो असं वाटावं. रोलंडनं सुरुवातीला चेष्टा करून पाहिली. धरायची ती ग्रिप. सेक्शन म्हणजे काय, संत्र्याची फोड? सगळे हसले. मग एका बैठकीत अध्यक्ष ओरिनच्या तोंडून सेक्शन गेलं. पुढच्या खेपेला आणखी एकाच्या. जुन्या मित्रांच्या तोंडी तो शब्द ऐकताना रोलंडला वाटायचं, आपल्या ओळखीच्या घरांमध्ये एकेक करून दुसऱ्याच कुणीतरी दिवे लावले आहेत. नाताळच्या जेवणात, सगळ्यांच्या बायका आलेल्या असताना, त्यानं बिनकिटीवर तोंड टाकलं. जे नाही त्यावरून नाव ठेवायचं ही कुठली रीत, मग या ड्वेनला आपण बिनबायकोचा म्हणत जाऊ. हशा झाला आणि मध्येच विझला. ड्वेनही हसला होता, जरा उशिरा. परतताना गाडी घराच्या कोपऱ्यावर वळत असताना मार्लिस म्हणाली, "त्याच्या ताटात बटाटे तसेच राहिले होते." रोलंडला तेव्हा त्याचा अर्थ लागला नव्हता. आता तो लोणी लागलेल्या सुरीकडं बघत बसला होता, आणि दुसऱ्या माणसाच्या ताटात काय उरलं हे तिनं पाहिलं होतं, एवढाच अर्थ त्याला लागत होता.

मत्सर त्याला अनोळखी नव्हता. लग्नाआधी पोल्का नाचाच्या हॉलमध्ये क्लॅरेन्स नावाचा एक पोरगा मार्लिसबरोबर सलग नाचायचा आणि तिला 'मार' म्हणून हाक मारायचा. त्या पोराचे रुंद खांदे, केसांना लावलेल्या तेलाचा वास, नाचताना तिच्या पाठीवर पसरलेला पंजा, सगळं अजून रोलंडच्या डोळ्यांपुढं होतं. पण त्या मत्सराला अंग होतं. त्याला धक्का मारता आला असता, आणि एकदा त्यानं तो मारलाही होता, गाड्या लावायच्या जागेत, आणि ओठ फुटून घरी आला होता. मार्लिसनं त्या ओठाला बर्फ लावला होता. आत्ताच्या या मत्सराला अंग नव्हतं. नुसता एक शब्द, तोही आपल्या स्वयंपाकघरात, आपल्याच पेनाबद्दल. शिवाय तक्रार खरी होती. किटमधली धातूची ग्रिप गारच लागते. ड्वेन क्लबात वारंवार तेच सांगायचा.

त्या दिवशी मार्लिस दुकानात गेली तेव्हा रोलंडनं दाराजवळच्या खुंटीवरचा तिचा स्कार्फ काढला आणि नाकाला लावला. आपण काय शोधतोय हे त्याला माहीत नव्हतं. साबण, थंड हवा, तिची मान. आणि त्या सगळ्याच्या खाली, लोकरीत मुरलेला, ओढलेल्या काडीसारखा, जरा सडक्या अंड्यासारखाही, गंधकाचा वास. एबोनाइटचा. कडक केलेलं काळं रबर. लेथवर कापलं की असा वास सुटतो, आणि कपड्यांना धरला की जात नाही. रोलंडच्या तळघरात एबोनाइट कधी आलं नव्हतं. क्लबात ते एकच जण वापरायचा. स्कार्फ नाकाशी धरून तो बोळात उभा राहिला, एखादा विशीतला प्रेमिक असावा तसा, आणि तो वास त्यानं पुन्हा पुन्हा आत ओढला. प्रत्येक खेपेला वाटे, या वेळी नसेल.

गुरुवारी दुपारी मार्लिस चर्चच्या गोधडी-मंडळात जायची. उन्हाळा संपल्यापासून नेमानं. त्या गुरुवारी ती गेल्यावर रोलंड थोडा वेळ थांबला आणि बसनं पश्चिमेला गेला. स्वतःची गाडी न्यायची त्याला लाज वाटली. ड्वेनच्या घरासमोर मार्लिसची गाडी होती. लपवून, पलीकडच्या गल्लीत लावलेली नव्हती. दारात, सरळ, चाकं नीट काठाशी लावून. हे त्याला आणखी लागलं. मागच्या गराजमधून लेथचा आवाज येत होता. तो कुंपणाच्या कडेनं गेला. बर्फ वितळून जमीन मऊ झाली होती, बुटांखाली चिखल चुबकत होता, आणि आपण या वयात दुसऱ्याच्या परसात चोरासारखे शिरतोय हे जाणवत असूनही पाय थांबले नाहीत. खिडकीची काच धुरकट होती. खालच्या कोपऱ्यात कुणीतरी पुसली होती, तिथून त्यानं आत पाहिलं.

मार्लिस लेथपाशी उभी होती. डोळ्यांवर चष्मा, केस मागे बांधलेले, बाह्या वर. तिच्या हातातल्या हत्यारावरून एबोनाइटची काळी फीत सुटत होती, लांबच लांब, न तुटता, आणि तिच्या मनगटावरून ओघळून खाली पडत होती. ड्वेन दूर, उलट्या घातलेल्या बादलीवर, हात गुडघ्यांत घेऊन बसला होता. तिच्याकडं बघतसुद्धा नव्हता. जमिनीकडं बघत होता आणि ऐकत होता. हत्यार बरोबर लागलंय की नाही ते आवाजावरून कळतं, रोलंडनंही असं ऐकलेलं होतं, पण दुसऱ्याच्या हाताचं कधी ऐकलं नव्हतं. मार्लिसच्या जिभेचं टोक ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर आलं होतं. डावं कोपर फार वर जात होतं. तिनं लेथ थांबवला, अंगठा फिरवून पाहिला, वळून काहीतरी विचारलं. ड्वेननं एका शब्दात उत्तर दिलं असावं. ती हसली, मान मागे टाकून, दात दाखवून. आणि पुन्हा यंत्राकडं वळली. ड्वेन बादलीवरून उठलादेखील नाही.

मिठीत सापडली असती तर बरं झालं असतं, असं रोलंडला वाटलं. तसं मनातल्या मनात स्पष्ट शब्दांत उमटलं, आणि त्याला त्याचं आश्चर्यही वाटलं नाही. मिठीला शब्द आहेत. सगळ्या जगाला पाठ असलेले, कुणाला समजावून सांगावे न लागणारे. नवऱ्यानं दार ढकलून आत शिरावं, आरडाओरडा करावा, असं काहीतरी ठरलेलं असतं. इथं तो काय म्हणणार होता? माझ्या बायकोला तू लेथ शिकवतोस, म्हणून? ज्या गोष्टीसाठी त्यानं तिच्या विनवण्या केल्या, तीच गोष्ट ती दुसऱ्याच्या गराजमध्ये मन लावून करत होती, आणि ती करताना तिचा चेहरा असा दिसतो हे ड्वेनला त्याच्याआधी ठाऊक झालं होतं. परत जाताना बसच्या खिडकीतून काय दिसलं ते त्याला आठवेना. संध्याकाळी मार्लिस घरी आली. त्यानं विचारलं, आज काय शिवलंत? "शिवलं कसलं," ती म्हणाली, "नुसत्या गप्पा झाल्या," आणि स्कार्फ खुंटीला अडकवला. खोटं बोलतानाही तिचा चेहरा मोकळा होता. एखाद्याला खोटं बोलून सुख मिळत असेल तर तसा दिसावा, असा.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, वाचनालयाच्या मागच्या खोलीत क्लबची बैठक होती. एप्रिलमधल्या प्रदर्शनात प्रत्येक पेनापुढं एक चिठ्ठी ठेवायची होती, 'स्वतः घडवलेलं'. त्यावरून हिवाळाभर तोंडातोंडी चालली होती. ड्वेनचं म्हणणं, किटची पेनं जुळवलेली असतात, तसं म्हणायला कमीपणा कसला. पण जुळवलेलं हा शब्द ऐकून निम्म्या सभासदांच्या नाकपुड्या फुगायच्या. ओरिननं टेबलावर क्रिंगलचा, त्या गोड कडेपावाचा, खोका उघडून ठेवला आणि म्हणाला, "आज हा घोळ निस्तरायचाच. नाहीतर प्रदर्शनात पेनं राहतील बाजूला आणि लोक आपल्यालाच बघायला येतील." मग आलेल्या पेनांची नावं वाचायला त्यानं चष्मा लावला. रोलंड खिडकीकडं बघत होता. नावं ओळखीची, लाकडं ओळखीची. शेवटी ओरिन म्हणाला, "मार्लिस थोर्सन. एबोनाइट, बिनकिटी. ही कोण बुवा नवी?"

"माझ्याकडं शिकते," ड्वेन म्हणाला.

"रोलंड, सांभाळ रे," मागून कुणीतरी म्हणालं, "गावात दोन मार्लिस झाल्या. चुकून दुसरीच्या घरी जायचास." हसले सगळे. रोलंडही हसला. थोर्सन हे तिचं माहेरचं नाव. लग्न लागल्यापासून ते त्यानं कुणाच्याही तोंडून ऐकलं नव्हतं. तिचे आईवडील वारल्यावर तर ते फक्त दगडावर कोरलेलं राहिलं होतं. त्याला ती थोर्सन असताना आठवली, हॉलच्या दाराशी कोट अंगावर ओढून उभी, अजून कुणाचीच नसलेली.

पेन हातोहात फिरत त्याच्यापर्यंत आलं. काळंभोर, अंगावर काही नक्षी नाही. इतक्या हातांतून आल्यामुळं कोमट झालेलं. त्यानं टोपण फिरवलं. आटे एकमेकांत बिनआवाज उतरले. बोटं टेकतात त्या भागाला मधे किंचित खोलगट कंबर दिली होती आणि त्याची बोटं तिथं आपोआप जाऊन बसली. दोष शोधायला तो आला होता. टोपणाच्या टोकाशी एक बारीक ओरखडा होता, बस. आपल्या पहिल्या पेनाशी त्यानं ते ताडून पाहिलं, मग पाचव्याशी, मग गेल्या वर्षी बक्षीस मिळालेल्याशी, आणि तिथं त्यानं ताडून बघणं थांबवलं. शेजाऱ्याच्या हातात ते देताना त्याचा हात जरा उशिरा सुटला. आणि मग तो उभा राहिला.

आपण काय बोलणार हे उभं राहीपर्यंत त्याला माहीत नव्हतं. पण बोलू लागल्यावर शब्द एकमेकांचा हात धरून आले. किट की बिनकिटी या वादात काही राम नाही, तो म्हणाला. माणसानं आणलं काय याला महत्त्व नाही, केलं कुठं याला आहे. स्वतःच्या लेथवर, स्वतःच्या हत्यारांनी, स्वतःच्या जागेत, चुकलं तर सांगायला कुणी पाठीशी नसताना जे केलं ते स्वतः घडवलेलं. दुसऱ्याच्या यंत्रावर, दुसऱ्याच्या नजरेखाली जे झालं ते शिकाऊ काम. त्याला वाईट म्हणायचं कारण नाही, पण प्रदर्शनाच्या टेबलावर त्याची जागा नाही. खोलीत एक सुटकेचा श्वास फिरला, तो रोलंडला ऐकू आला. या व्याख्येत किटवाले सगळेच्या सगळे बसत होते. कुणालाच स्वतःला जुळवणारा म्हणवून घ्यावं लागणार नव्हतं. ड्वेन एवढंच म्हणाला, "तुझं पहिलं पेन कुठं केलंस तू, रोलंड?" मेव्हण्याच्या लेथवर, हे अनेकांना ठाऊक होतं. "पण ते मी टेबलावर नाही मांडलं," रोलंड म्हणाला, आणि पुन्हा हशा झाला, त्याच्या बाजूचा. हात वर झाले. दोन वर्षांत पहिल्यांदा एका शब्दाचा अर्थ त्यानं ठरवला होता. ओरिननं काळं पेन उचलून ड्वेनकडं दिलं, जरा ओशाळून, आणि म्हणाला, बाईंना सांग, पुढच्या साली स्वतःचा लेथ घ्या म्हणावं.

खाली गाड्यांपाशी ड्वेन त्याची वाट बघत थांबला होता. तळ्यावरून वारा येत होता आणि त्याचे पातळ केस एका बाजूला उभे राहत होते. "ती कोण, ते तुला सांगायला हवं," तो म्हणाला. "रोलंडला कळू देऊ नकोस, असं तिनंच बजावलं होतं. मी पाळलं. आता वाटतंय, पाळलं नसतं तर बरं. तुला माहीत असतं तर आज तू असं—"

"मला माहीत होतं," रोलंड म्हणाला.

गप्प बसला असता तर निभावलं असतं. पण ड्वेननं आपल्याला निर्दोष समजावं हे त्याला सोसलं नाही; अजाण समजावं, हे तर मुळीच नाही. ड्वेन त्याच्याकडं बघत राहिला. रागानं नव्हे, कवळी बसवताना दंतवैद्य तोंडात बघतो तसा, कुठं दुखतंय ते शोधत. मग त्यानं खिशातून पेन काढलं आणि रोलंडच्या हातावर ठेवलं. "मग हे तूच दे तिला," म्हणाला, आणि गाडीत बसला.

शुक्रवारचे मासे ते दोघं एरवी बाहेर जाऊन खायचे. आज रोलंडनं ते बांधून आणले. तळलेला पर्च, बटाट्याची धिरडी, राय पाव. टेबलावर पुडा ठेवला आणि त्याच्याशेजारी पेन. मार्लिसनं आधी पेनाकडं पाहिलं, मग ताटं मांडली, मग बसली.

"कळलं तर," ती म्हणाली.

त्यानं सगळं सांगितलं. खिडकीपासून सुरुवात केली, स्कार्फाचं मात्र गाळलं. बैठकीत आपण काय बोललो ते जसंच्या तसं सांगितलं, व्याख्येसकट. आणि सांगताना आपण ती छान मांडली होती असं पुन्हा वाटून गेलं, त्याची शिसारी आली. पुड्यातून तेल कागदावर उतरत होतं.

"माझं आहे हे कळल्यावर उठलास?"

"हो."

तिनं मान हलवली, हिशोब लागल्यासारखी. रोलंडला ती रडेल असं वाटलं होतं, किंवा निदान ताट सरकवून उठेल. तिनं माशाचा तुकडा घेतला.

"आपलं नाव का नाही घातलंस?" तो म्हणाला.

"घातलं असतं तर त्यांनी तुझ्या बायकोचं पेन म्हणून वाहवा केली असती. मला पेनाची करून घ्यायची होती."

"मी किती वर्षं बोलावलं तुला. खाली. किती वर्षं." आपला आवाज चिरकतोय हे त्याला ऐकू आलं. "मग त्याच्याकडं का?"

"तुझ्याकडं मी चुकायच्या आधी तू चूक सांगितली असतीस, रोलंड. वस्तूला हात लावायच्या आधी तिचं नाव."

"तो नाही सांगत नावं?"

"सांगतो. मी विचारते तेव्हा."

हे त्याच्या आत कुठंतरी जाऊन बसायला वेळ लागला. तेवढ्यात तिनं पावाला लोणी लावून त्याच्या ताटात ठेवलं होतं, सवयीनं. "मला वाटलं होतं—" तो म्हणाला.

"काय वाटलं होतं ते ठाऊक आहे मला." तिच्या ओठांच्या कडेला काहीतरी हललं. "या वयात. आधी बोलला असतास तर बरंच वाटलं असतं मला. पण तू बोलला नाहीस, तू मतदान घेतलंस."

शेजाऱ्याकडं कुत्रा भुंकायला लागला आणि थांबला. मार्लिसनं पेन उचललं, टोपण काढलं, लावलं. मग तिनं विचारलं, आणि या प्रश्नात राग नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. "खिडकीतून पाहिलंस ना? मग सांग. कशी करत होते मी?"

तिचा तो चेहरा त्याला आठवला, जिभेचं टोक, काळी फीत. त्याबद्दल काहीतरी सांगता आलं असतं. तो म्हणाला, "हत्यार चांगलं धरतेस. माझ्यापेक्षा हलकं. डावं कोपर फार वर जातं."

"ड्वेनही तेच म्हणतो."

पुन्हा तो. या टेबलाशी, मासे आणि पावाच्या मध्ये. आपण तिला दिलेली एकमेव खरी गोष्टही आधीच कुणीतरी देऊन ठेवली होती.

"तो म्हणाला, ही खोड शिकवून लागत नाही, बघून लागते," मार्लिस म्हणाली. "कुणाचं बघितलंस म्हणून विचारत होता."

रोलंडनं मान वर केली. सुरुवातीच्या वर्षांत क्लबात त्याला सगळे कोंबडी म्हणायचे; लेथवर उभा राहिला की डावा पंख उघडतो म्हणून. ती खोड गेली असं तो धरून चालला होता. जेवायला हाक मारायला मार्लिस तळघराच्या जिन्याच्या वरच्या पायरीवर यायची, सूप निवतंय म्हणायची. हाक मारायच्या आधी ती तिथं किती वेळ उभी असायची, हे त्यानं कधी वळून बघितलं नव्हतं.

"मग काय सांगितलंस तू त्याला?"

"काही नाही. माझी मलाच लागली, म्हटलं." तिनं लिंबाची फोड माशावर पिळली. "येत्या गुरुवारी मी जाणार आहे, रोलंड. गोधडीचं नाव नाही घेणार आता. आणि आधी ते कोपर खाली आणणार आहे. महिन्याभरात खोड जाईल, म्हणतो तो."

राहू दे ते कोपर तसंच, असं त्याच्या अगदी ओठांशी आलं. ती तोंडातला काटा काढून ताटाच्या कडेला ठेवत होती. त्यानं बटाट्याच्या धिरड्यांचा पुडा तिच्याकडं सरकवला, आणि ती म्हणाली, पुरे, मला झालं.